धुण्याचा दगड कुठे जाणार?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगलीच्या एक वाचक, वय एक्केचाळीस. घर दुमजली, दक्षिणमुखी. मागच्या बाजूला तीस बाय अठ्ठावीस फुटांचा परस. त्यात कढीपत्ता, लिंबू, एक उंच शेवगा, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, धुण्याचा दगड आणि पाणी तापवायची चूल आहे. शिवाय ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेली लाकडं आणि विटा. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचा अर्धा दिवस तिथेच जातो. ताईंना तिथे बसायला छान फरशी, वर पर्गोला (खांबांवरचा उघडा, मांडवासारखा सांगाडा) आणि कडेने भाजीचे वाफे हवे आहेत. यजमानांना सगळीकडे पेव्हर ब्लॉक हवेत, कारण २०१९ च्या पुरात परसात साचलेला गाळ त्यांनीच उपसला होता आणि गेल्या पावसाळ्यात लाकडांखाली साप निघाला. कॉन्ट्रॅक्टरने तीन लाखांचा अंदाज दिला आहे, तोही सरसकट पेव्हरचा. सासूबाईंचं एकच म्हणणं: ‘माझ्या परड्यातलं काही हलवायचं नाही.’ ताई विचारतात, त्यांना समजवायचं कसं?

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘एवढी जागा नुसती पडून आहे.’ त्याच्या आधीच्याच परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की सासूबाई पहाटे चूल पेटवतात, कपडे धुतात, दहाच्या सुमाराला भाजी निवडायला तिथेच बसतात आणि संध्याकाळी लिंबाला पाणी घालतात. एवढं सगळं रोज होत असेल तर जागा पडून कशी? ती वापरात आहे, फक्त तुमच्या वापरात नाही. आपलंही काहीतरी तिथे असावं असं वाटणं अगदी रास्त आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली म्हणता, घर तुमचंही आहे. पण ‘रिकाम्या जागेचं काय करू’ आणि ‘दुसऱ्याच्या कामाच्या जागेत मला वाटा कसा मिळेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमचा दुसरा आहे. म्हणून ‘समजवायचं कसं’ हे तूर्त बाजूला ठेवू. आधी विचारू की त्या परड्यात कोण, कधी, कुठे, काय करतं.

हे विचारायची एक सोपी रीत आहे. एखाद्या रविवारी सासूबाईंना म्हणा, ‘आई, तुम्ही सकाळपासून इथे काय काय करता ते मला दाखवा.’ नकाशा, मोबाइलमधले फोटो, कॉन्ट्रॅक्टर, काहीच मध्ये आणू नका. त्या दाखवतील. दगड तिथेच का, तर नळ जवळ आणि पाणी आपोआप अळवाकडे जातं म्हणून. चूल त्या कोपऱ्यात का, तर धूर स्वयंपाकघरात येत नाही म्हणून. यातली निम्मी कारणं आजही खरी असतील, निम्मी जुनी झाली असतील. पण ती ऐकल्याशिवाय कुठली कोणती हे कळणार नाही.

आता यजमानांकडे येऊ. त्यांना तुम्ही पत्रात जरा झटकून टाकलंय. ज्याने गाळ उपसलाय त्याला मातीचा कंटाळा येणारच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. तेवढं पाणी आलं की खाली पेव्हर आहेत की अळू आहे हे नदी बघत नाही. फरशीवरचा गाळ पाइप लावून धुता येतो, मातीतला येत नाही, एवढा फरक खरा आहे आणि तो कमी नाही. (पुराचं पाणी वाफ्यांत शिरलंच तर उभी पालेभाजी उपटून टाका आणि पुढचे तीन-चार महिने तिथे कच्चं खायचं काही लावू नका. त्या पाण्यात गटारंही आलेली असतात.)

पण पूर काही वर्षांनी येतो, पाऊस दरवर्षी. तुमचा परस आठशे चाळीस चौरस फुटांचा आहे. त्यावर एक इंच पाऊस पडला तर जवळपास दोन हजार लिटर पाणी झालं, म्हणजे दोनशे लिटरची दहा पिंपं. आज त्यातलं बरंचसं माती पिते. सिमेंटच्या थरावर बसवलेले पेव्हर सगळीकडे घातले तर ते सगळं पाणी कुठेतरी पळणार आणि ढाळ चुकला तर ते ‘कुठेतरी’ म्हणजे तुमच्या घराचा पाया. कॉन्ट्रॅक्टरला एवढंच विचारा: ‘पाणी कुठे काढणार?’ उत्तर द्यायला तो अडखळला तर अंदाजपत्रक परत करा.

तुमच्याकडची माती काळी आहे, हेही पत्रात आहे आणि तिथे खरी गोम आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर थेट काहीही बसवलं, मग ते पेव्हर असोत, शहाबादी असो नाहीतर कोबा, तर दोन पावसाळ्यांत कुठे उचलतं, कुठे खचतं. मग आपण म्हणतो गवंड्याने फसवलं. पुष्कळदा गवंड्याने नाही, वरची माती न काढण्याने फसवलेलं असतं. बसायची जागा जेवढी असेल तेवढ्यापुरती तरी फूटभर काळी माती काढा, मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस (ठोकून घट्ट करणं) करून घ्या आणि मग वर कच (दगडाची बारीक भुकटी) व फरशी. दहा फुटांना दीड ते दोन इंच ढाळ, घरापासून लांब जाणारा. अंदाजपत्रकात माती काढणं, मुरूम, धुम्मस आणि फरशी यांचे आकडे वेगवेगळे मागा. सगळं ‘चौरस फुटाला इतके’ असं एकाच ओळीत आलं की बचत नेमकी मुरमात होते, कारण तो नंतर दिसत नाही.

आणि पेव्हर म्हणजे देखभालच नाही, हेही यजमानांना जरा तपासून पाहायला सांगा. सांध्यांतून हरळी आणि लव्हाळा वर येतात. लव्हाळ्याचे खालचे गाठे तसेच राहिले की तो दर पावसाळ्यात हजेरी लावतो. सापाचंही तसंच. तो मातीसाठी येत नाही, उंदीर-बेडकांसाठी आणि आडोशासाठी येतो. लाकडांचा आणि विटांचा ढीग तसाच ठेवून भोवती पेव्हर घातले तर सापाला फरशीवर राहायला मिळेल, इतकंच. ढीग हलवा, लाकडं लोखंडी स्टँडवर दीड-दोन फूट उंच ठेवा, कुंपणाच्या भिंतीतली बिळं बुजवा. हे याच आठवड्यात होईल आणि त्याला तीन लाख लागत नाहीत. ढिगाला हात घालताना मात्र पायात बूट, हातात काठी आणि दिवसाचा उजेड असू द्या.

आता तुमचा पर्गोला आणि वाफे. इथे उन्हाचा हिशेब मांडायलाच हवा, कारण मोबाइलवर दिसणाऱ्या बागा बहुतेक वेगळ्याच उन्हातल्या असतात. तुमचं घर दक्षिणमुखी, म्हणजे परस उत्तरेला. (दक्षिणमुखी घरावरून लोकांनी आजवर काय काय ऐकवलं असेल त्यात मी भर घालत नाही.) हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरच्या अखेरीस सांगलीत भर दुपारीसुद्धा तो पन्नास अंशांच्या आसपासच चढतो. तुमचं घर बावीस फूट उंच धरलं तर त्याची दुपारची सावली मागे एकोणीस फुटांच्या जवळपास जाते. परस अठ्ठावीस फूट खोल. म्हणजे मेथी, पालक, टोमॅटो, वांगी, वाटाणा हे सगळं जोमात येण्याच्या मोसमात घराकडचा दोन-तृतीयांश परस सावलीत. वांग्या-टोमॅटोला सहा तास तरी ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. उलट मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा मागे कुठेच सावली नसते आणि फरशी तव्यासारखी तापते.

म्हणून वाफे घराला चिकटून आणि बसायची जागा लांब टोकाला, असं जे तुम्ही कागदावर काढलंय ते उलटं करा. बसायचा ओटा स्वयंपाकघराच्या दाराशी. तसंही चहाचे कप घेऊन पंचवीस फूट कोणी चालत नाही. वाफे उत्तरेच्या टोकाला. मधल्या सावलीच्या पट्ट्यात हळद, आलं, अळू आणि गवती चहा. सांगलीत राहून परसात हळदीचं एक बेट नसावं हे मला पटत नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गड्डे लावा, संक्रांतीनंतर काढा. शिवाय श्रावणात पातोळ्यांना पानं मिळतात.

एक कोपरा मात्र वेगळा काढा. हिवाळ्यात सकाळचा सूर्य आग्नेयेकडून येतो, त्यामुळे शेजारचं घर आड येत नसेल तर ईशान्येच्या कोपऱ्यात कोवळं ऊन लवकर पोहोचतं. तिथे एक साधा कट्टा बांधा, बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांसाठी. हा कट्टा म्हणजेच वाफ्याची भिंत असू शकते. विटांचा वाफा अठरा इंच उंच आणि वरची कड फूटभर रुंद ठेवली की तिच्यावर बसूनच मेथी खुडता येते, वाकावं लागत नाही. रुंदी साडेतीन-चार फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. तळाला पाणी जायला भोकं ठेवायला सांगा. गवंडी ती हमखास विसरतात. आत दोन भाग पोयटा (गाळाची सुपीक माती) आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. वरून उसाचं पाचट पसरा, तुमच्याकडे ते मिळायला अडचण नाही. मातीतला ओलावा टिकतो आणि तणही कमी होतं.

पर्गोल्याबद्दल मी जरा कडक बोलते. लाकडी असेल तर तुमच्या पावसात त्याला दर वर्षा-दोन वर्षांनी पॉलिश लागेल आणि वर पत्रा घातला तर एप्रिलमध्ये त्याखाली कोणी बसणार नाही. त्यापेक्षा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा मांडव घाला आणि त्यावर तोंडली चढवा. तोंडलीचा वेल छाटावरून, म्हणजे वेलाच्या तुकड्यावरून येतो, एकदा लावला की काही वर्षं राहतो आणि उन्हाळ्यात दाट सावली देतो. मांडव साडेसात फुटांवर असला की तोंडली काढायला शिडी लागत नाही. फोटोत तो पर्गोल्याइतका झोकदार दिसणार नाही, हे कबूल.

फरशी कोणती हे तुम्ही सविस्तर विचारलंय. त्याला माझं उत्तर एका ओळीचं आहे: खडबडीत शहाबादी, पॉलिश न केलेली. ओल्या पायाने चालायच्या जागी चकचकीत काही नको. मी स्वतः हौसेने मागच्या दाराशी गुळगुळीत फरशी घातली होती. पहिल्याच आषाढात दळणाचा डबा घेऊन घसरले आणि पुढचे सहा आठवडे डावा हात गळ्यात बांधून लोकांना तेच सांगत बसले. कोकणातल्या वाचकांसाठी एवढंच, की तुमचा जांभा सुंदर असतो पण पावसात त्यावर शेवाळ धरतं, तेव्हा जाण्यायेण्याच्या वाटेवर तरी तो दर पावसाळ्यात घासावा लागेल.

ही घसरण्याची गोष्ट सासूबाईंशी बोलायला उपयोगी आहे, पण जपून वापरा. ‘आई, तुम्ही पडाल’ असं म्हटलं की ते कोणालाच आवडत नाही. ‘मागच्या दारापासून दगडापर्यंत चार फूट रुंद कोरडी वाट करूया, पावसात तुम्हाला चिखलातून जायला नको’ हे वेगळं. यात त्यांचं काहीच हलत नाही, उलट मिळतं. तुम्हाला हवी असलेली फरशी या वाटेपासून सुरू होऊ शकते.

सासूबाईंचं सगळंच बरोबर आहे असं मात्र मी म्हणणार नाही. धुण्याचं पाणी अळवात सोडणं त्यांच्या तरुणपणी ठीक होतं. आताच्या वॉशिंग पावडरीचं पाणी रोज त्याच जागी मुरलं तर माती खारवत जाते. काळी माती तर घट्ट होऊन पाणीच आत घेईनाशी होते. दगडाचं पाणी पाइपने शोषखड्ड्यात किंवा ड्रेनेजला न्या, अळवाला तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घाला. आंघोळीचं पाणी केळीला चालतं. शेवगाही कुंपणाला अगदी लागून आहे. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांद्या मोडतात आणि पावसाळ्यात सुरवंट भिंतभर पसरतात. ‘घराजवळ शेवगा नको’ असं जुने लोक म्हणायचे, त्यामागे बहुधा हेच असावं. पण ही गोष्ट तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या चिरंजीवांनी सांगितलेली बरी.

लिंबाला मात्र हात लावू नका. ते सासऱ्यांनी लावलंय, एवढं कारण पुरे आहे. शिवाय, एवढं मोठं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर जगेलच असं नाही. कॉन्ट्रॅक्टर खोडापर्यंत फरशी आणायला बघेल, कारण गोल कापायला त्रास होतो. खोडाभोवती चारी बाजूंनी निदान तीन-चार फूट माती मोकळी ठेवायला लावा. काळ्या मातीत लिंबाच्या खोडाशी पाणी साचलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो, म्हणून आळं खोडाला टेकवायचं नाही, खोडाशी मातीचा उंचवटा आणि पाणी बाहेरच्या गोलात. कढीपत्त्याची मुळं जागोजाग फुटवे काढतात, ते काढत राहिलात तर तो कुठेही नांदतो. सेप्टिक टँकची झाकणं कुठे आहेत ते पत्रात नाही. त्यांवर ओटाही नको आणि वाफाही नको.

आणखी एक गैरसमज दूर करते, नाहीतर वर्षभराने तुम्हीच मला रागाने लिहाल. या वाफ्यांवर चार माणसांची रोजची भाजी निघणार नाही. मंडईत जावंच लागेल. परसातून घ्यायचं ते थोडं-थोडं, पण रोज लागणारं: कोथिंबीर, मिरची, लिंबू, कढीपत्ता, अळू, मुठभर मेथी, कधी चार वांगी. कृष्णाकाठची वांगी जिथे बाजारात मिळतात तिथे घरच्या वांग्याने त्यांच्याशी स्पर्धा करू नये. पण घरच्या पहिल्या वांग्याचं भरीत घरातला प्रत्येकजण दोनदा वाढून घेतो, हेही खरं. पाणी कोण घालणार हे आधीच ठरवा. तुम्ही नोकरी करता, यजमान बँकेत. म्हणजे वाफे ‘तुमचे’ आणि पाणी घालणं सासूबाईंचं असं होणार असेल तर ते त्यांना आत्ताच विचारलेलं बरं. साधं ठिबक बसवलं तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

सगळं एकदम करू नका. आधी फक्की (आखणीची पांढरी पूड) आणा आणि ओट्याची आखणी जमिनीवर मारा, बारा बाय दहा. सहा माणसांचं टेबल आणि खुर्च्या मागे सरकवायला जागा, एवढ्याला ते पुरतं. त्यात घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या टाका आणि पंधरा दिवस खरोखर तिथे बसून चहा प्या. ऊन कुठून येतं, डास किती, शेजारच्या खिडकीतून काय दिसतं, सासूबाई धुणं घेऊन जाताना खुर्च्या आड येतात का, हे सगळं तेव्हा कळेल. फक्की पुसून परत मारता येते. मग या उन्हाळ्यात ढाळ, शोषखड्डा, वाट आणि ओटा. पहिला पाऊस पडला की छत्री घेऊन बाहेर या आणि पाणी कुठून कुठे जातं ते यजमानांसोबत बघा. वाफे आणि मांडव पाऊस उलगडल्यावर, रब्बीच्या पेरणीला. तीन लाख एका फटक्यात खर्चले तर चुका दुरुस्त करायला काही उरत नाही.

धुण्याचा दगड ठेवा. वॉशिंग मशीन आहे हे माहीत आहे मला. पाण्याची दिशा बदलून, वाटेच्या कडेला, सासूबाई सांगतील त्या उंचीवर तो पुन्हा बसवून घ्या. त्यावर मातीचे हात-पाय धुता येतात, मुळे-गाजरं धुता येतात आणि उभ्याने भाजी निवडता येते.

शेवगा काढायचा ठरलाच तर शेंगा संपल्यावर, मे महिन्यात काढा. त्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत रोवली की फुटते. कुंपणापासून लांब, उत्तरेच्या टोकाला सासूबाई बोट दाखवतील तिथे खड्डा घ्या आणि फांदी त्यांच्या हाताने लावून घ्या. पुढे दरवर्षी शेंगांचा बहर गेला की ती चार फुटांवर छाटायची. ते काम यजमानांचं.